आपलं तोंड आपल्या हातानं

चित्रकार दुसऱ्याचं चित्र काढतो तेव्हा त्याला पैसे मिळतात. राजाचं काढलं तर जहागीर मिळते, देवाचं काढलं तर पुण्य मिळतं म्हणे. मग तो स्वतःचंच चित्र कशापायी काढतो? गिऱ्हाईक नाही, हुकूम नाही, मजुरी नाही. तरी पाचशे वर्षं जगातले चित्रकार आरशासमोर उभे राहून स्वतःला रंगवत आलेत.

कलेवर जाडजूड पुस्तकं लिहिणारे विद्वान याला 'आत्मशोध' म्हणतात. असेल. पण मी सूतगिरणीत आठ आठ तास रिंगफ्रेमपुढं उभा राहणारा माणूस. मला आधी हात दिसतात. चित्रातल्या गड्यानं हातात काय धरलंय, अंगात काय घातलंय, आणि तो मधोमध उभा आहे की कोपऱ्यात, हे मी पहिल्यांदा बघतो. चेहरा मागनं. एवढ्या तीन गोष्टी बघितल्या की त्या माणसाची समाजातली पायरी कळते, आणि ती पायरी त्याला मान्य आहे की नाही हेही कळतं.

माझं म्हणणं सरळ आहे. आत्मचित्र म्हणजे दावा. सात-बारावर नाव लावून घ्यावं तसा. 'मी हा इथं उभा आहे, हे काम माझ्या हातानं केलंय, आणि माझं नाव हे.' ज्याचं नाव जन्मतःच लागलेलं असतं त्याला असा दावा करायची गरज कमी पडते. ज्याला कोपऱ्यात ढकललंय त्याला तो करावाच लागतो. म्हणून हा विषय आपला आहे. आर्ट स्कूलवाल्यांनी तो स्वतःच्या कपाटात ठेवला म्हणून आपण त्याला हात लावायचा नाही, असं थोडंच आहे?

आधी लांबून सुरुवात करू, मग घरी येऊ.

जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूरर नावाचा चित्रकार होता. सोनाराचा पोरगा. त्या काळी त्या मुलखात चित्रकार म्हणजे कारागीर, सुतार-लोहाराच्या पंगतीतला. १५०० साली ड्यूररनं स्वतःला रंगवलं ते अगदी समोरून, बघणाऱ्याच्या डोळ्यात डोळा घालून. अशी बैठक तोवर येशू ख्रिस्ताला द्यायचे. अंगात मोठ्या लोकांनी घालायचा फरचा कोट घातला. बाजूला लॅटिनमध्ये स्वतःचं नाव आणि वय लिहिलं, वर्षं अठ्ठावीस. कारागिराच्या पोरानं कोट घातला, पंडितांची भाषा घेतली आणि देवाच्या जागी जाऊन बसला. कुणी म्हणेल गर्व. मी म्हणतो, पायरी मोडली.

हॉलंडचा रेम्ब्रांट पिठाच्या गिरणीवाल्याचा पोरगा. त्यानं रंगात, कोरीव ठशात, रेखाटनात मिळून स्वतःला ऐंशीच्या आसपास वेळा काढलं. तरुणपणी मखमल, टोप्या, साखळ्या. १६५६ मध्ये दिवाळं निघालं, घरातलं सामान लिलावात गेलं, तरी तो आरशासमोरनं हटला नाही. सुजलेलं नाक, लोंबलेले गाल, सगळं जसंच्या तसं मांडलं. व्हॅन गॉगनं चारेक वर्षांत पस्तीसच्या आसपास आत्मचित्रं केली, त्यात एक कारण साधं होतं. समोर बसणाऱ्या माणसाला द्यायला पैसे नव्हते. स्वतःचं तोंड फुकट मिळतं.

पण या सगळ्यांपेक्षा आपल्याला जवळची आहे ती स्पेनमधली एक जोडी. एक मालक आणि एक गुलाम. दोघंही चित्रकार.

मालकाचं नाव व्हेलाझ्केझ. राजाच्या पदरचा चित्रकार. १६५६ मध्ये त्यानं 'लास मेनिनास' हे मोठं चित्र केलं. मधे लहान राजकन्या, तिच्या दासी, आणि डाव्या बाजूला मोठ्या कॅनव्हाससमोर हातात ब्रश घेऊन स्वतः व्हेलाझ्केझ. त्याच्या छातीवर तांबडा क्रूस आहे. हा सांतियागो नावाच्या सरदारी पंथाचा बिल्ला. तो त्याला मिळाला १६५९ मध्ये, म्हणजे चित्र झाल्यावर तीन वर्षांनी. क्रूस मागनं रंगवलेला आहे.

हा बिल्ला मिळवायला काय लागायचं ते ऐका. घराणं उच्च पाहिजे. रक्तात ज्यू किंवा मुसलमान मिसळलेला नको. आणि आपल्या हातानं धंदा करून पोट भरलेलं नको. चौकशी बसली, शंभरावर साक्षीदार तपासले. साक्षीदारांनी सांगितलं की हा गृहस्थ पोटासाठी चित्रं काढत नाही. जन्मभर ब्रश धरणाऱ्या माणसाला 'मी कामकरी नाही' हे सिद्ध करावं लागलं, तेव्हा त्याच्या छातीवर क्रूस आला. सोवळं-ओवळं, रक्ताची शुद्धी, हातानं काम करणारा खालचा, ही सगळी वचनं फक्त मनूच्याच पोथीत होती असं समजू नका. जिथं जिथं माणसाला जन्मावरनं तोलतात तिथं ती वेगळ्या भाषेत भेटतात.

गुलामाचं नाव हुआन दे पारेखा. व्हेलाझ्केझच्या कामाच्या जागी मदतनीस म्हणून राबणारा. १६५० मध्ये दोघं रोममध्ये होते. तिथं व्हेलाझ्केझनं पारेखाचं चित्र काढलं. सावळा, दाट दाढीचा, पांढऱ्या कॉलरचा माणूस, मान ताठ. चित्र बघून रोममधले लोक थक्क झाले. त्याच वर्षी व्हेलाझ्केझनं त्याच्या मुक्ततेच्या कागदावर सही केली, पण अट घातली की अजून चार वर्षं चाकरी करायची. चित्र काढताना माणूस दिसला, सोडताना चार वर्षं कापून घेतली!

पुढं पारेखा स्वतंत्र चित्रकार झाला. १६६१ मध्ये त्यानं बायबलातल्या एका प्रसंगाचं मोठं चित्र रंगवलं. जकात गोळा करणाऱ्या मॅथ्यूला येशू बोलावतो तो प्रसंग. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात ते आहे. त्या चित्रात अगदी डाव्या कडेला एक माणूस उभा आहे. नीटनेटका पोशाख, नजर बघणाऱ्याकडं. हातात एक कागद, आणि कागदावर नाव आणि साल: हुआन दे पारेखा, १६६१.

गुलामाच्या हातात कागद. एक कागद मालकानं लिहून दिलेला, मुक्ततेचा. दुसरा हा, त्यानं स्वतः लिहिलेला. माझ्या मते खरी मुक्तता दुसऱ्या कागदावर आहे.

पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. मालकानं काढलेल्या चित्रातला पारेखा सावळा आहे, नाक रुंद आहे. स्वतः काढलेल्या चित्रात त्यानं रंग उजळ केलाय, नाक सरळ केलंय. आपल्यातला एखादा तावातावानं म्हणेल, 'बघा, गोऱ्यासारखा झाला!' मी त्याला हसणार नाही. ज्यांनी आपल्या रंगावरनं शिव्या खाल्ल्यात त्यांना ठाऊक आहे, की बाटलीतली पावडर माणूस हौसेनं तोंडाला फासत नसतो. पारेखानं नाव खरं लिहिलं आणि रंग खोटा लावला. अर्धा दावा जिंकला, अर्धा हरला. हे अर्धं लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आणि हिशोब तर बघा. मालकानं काढलेलं गुलामाचं चित्र १९७० साली लिलावात ५५ लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. गुलामानं काढलेलं स्वतःचं चित्र जगाला फारसं माहीत नव्हतं. त्याच्या एकट्याच्या नावानं न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात प्रदर्शन भरायला २०२३ उजाडावं लागलं.

आता आपल्या देशाकडं वळू. मोगलांच्या चित्रशाळेत शेकडो कारागीर होते. त्यातला दसवंत हा पालखी उचलणाऱ्या भोयाचा पोरगा. भिंतीवर चित्रं काढायचा, अकबराच्या नजरेस पडला आणि मोठा चित्रकार झाला. अबुल फजलनं त्याचं नाव आणि त्याच्या बापाचा धंदा लिहून ठेवला म्हणून आपल्याला हे कळतं. १५८४ मध्ये त्यानं स्वतःचा जीव घेतला.

त्याच चित्रशाळेत केशवदास होता. १५८९ च्या त्याच्या एका चित्रात वर बादशहाचा थाट आहे. खाली एक हाडाडलेला म्हातारा, हातात अर्ज, आणि पहारेकरी त्याला हाकलतोय. जाणकार सांगतात, तो म्हातारा म्हणजे खुद्द केशवदास. आयुष्यभर बादशहाचा दरबार रंगवला आणि स्वतःला रंगवायची वेळ आली तेव्हा दाराबाहेर, दंडुक्याखाली रंगवलं. यापेक्षा खरा दरबार कुणी रंगवलाय?

त्यानंतरचा बिचित्र, जहांगीराच्या काळातला. बादशहा वाळूच्या घड्याळावर बसलाय, समोर एक सूफी, तुर्कांचा सुलतान आणि इंग्लंडचा राजा. सगळ्यांच्या खाली कोपऱ्यात पिवळ्या अंगरख्यातला बिचित्र. त्याच्या हातात एक छोटं चित्र आहे, त्यात तोच वाकून मुजरा करतोय. आणि सही कुठं केलीय? बादशहाच्या पायाखालच्या चौरंगावर! कुणी म्हणेल नम्रता. मला दुसरंही दिसतं. बादशहाला चढायचं तर बिचित्रच्या नावावर पाय देऊनच चढावं लागतं. आपल्या म्हाताऱ्यांनी तरी दुसरं काय केलं? गावाची वेस राखली, सांगावे नेले, मढी ओढली. गाव उभं राहिलं ते आपल्या पाठीवर. फरक एवढाच की बिचित्रला चौरंगावर नाव लिहायला मिळालं. आपल्या म्हाताऱ्यांना अक्षरच नव्हतं.

आता घरी. सातारा आणि सांगली हा एकच जिल्हा होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि पुढं त्याचं नाव सांगली झालं. मधेमधे संस्थानांचे तुकडे होते. त्यातलं औंध हे तर चित्रकार राजाचं संस्थान. भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. स्वतः चित्रं काढायचे. रामायणावरची त्यांची चित्रं १९१६ मध्ये पुस्तकरूपानं निघाली. यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ मध्ये संग्रहालय उभं केलं. तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं शिल्पही आहे. १९३९ मध्ये पंतांनी राज्यकारभार लोकांच्या हाती द्यायची घटना केली. मोठ्या मनाचा राजा होता, हे नाकारायचं कारण नाही. ज्याचं त्याला दिलं पाहिजे.

पण याच औंध संस्थानात आटपाडी होती. आता ती सांगली जिल्ह्यात आहे. माणदेशातलं गाव, पाण्याची बोंब. तिथल्या महारवाड्यात १९२१ मध्ये एक पोरगं जन्मलं, शंकर. बाप गावाचा तराळ. तराळ म्हणजे काय, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. गावाचा बिनपगारी नोकर. पाटलाचा, सरकारचा सांगावा पोचवायचा, मयताची खबर परगावी न्यायची, बेवारशी मढ्याची राखण करायची. बदल्यात बलुतं, भाकरीचे तुकडे. राजा डोंगरावर रंगाच्या पेट्या उघडत होता तेव्हा तराळाच्या पोराला रंग-ब्रश कुठला? त्याला आरसा तरी कुठला?

आरशाची गोष्ट निघालीय तर नीट बोलू. गरिबाचा पहिला आरसा म्हणजे पाणी. विहिरीच्या कठड्यावरनं वाकलं की तोंड दिसतं. पण सार्वजनिक विहिरीवर आपल्याला चढायची बंदी. म्हणजे स्वतःचं तोंड बघायचीसुद्धा चोरी! २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळ घेऊन वाकले, हजारो माणसं वाकली. त्या दिवशी आपल्या माणसांनी पाणी तर प्यायलंच. मला नेहमी वाटतं, कितीकांनी त्या पाण्यात आपलं तोंडही पहिल्यांदा बघितलं असेल.

शंकररावांनी पुढं आत्मचरित्र लिहिलं, 'तराळ-अंतराळ', १९८१ मध्ये. त्यातला विहिरीचा प्रसंग विसरता येत नाही. विहिरीत मढं पडलंय. पोलिसाच्या दमदाटीनं म्हाताऱ्या बापाला खाली उतरावं लागतं, आणि पोरगं वर काठावरनं बघतंय. ज्या पाण्याला जिवंतपणी शिवायचं नाही, त्यातनं मेलेला काढायला मात्र महारच पाहिजे. मित्रांनो, हे आत्मचित्र आहे. बापाचं नाही, पोराचं. त्या काठावर उभं राहून खाली वाकलेल्या पोराला पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं नाही. मढ्याला कवळ्यात धरलेला बाप दिसला. तेच त्याचं तोंड. राजानं रंगात रामायण रंगवलं. तराळाच्या पोरानं शाईत स्वतःला रंगवलं. तेच शंकरराव खरात मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ मध्ये जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण पुस्तकाच्या नावातनं त्यांनी 'तराळ' काढला नाही. कोट घातला आणि नावही खरं लिहिलं. पारेखाचा हरलेला अर्धा दावा आटपाडीच्या या माणसानं जिंकला.

इथं कुणी विचारेल, माणदेशातल्या माणसांची चित्रं आधीच काढलेली होती की. होती. व्यंकटेश माडगूळकर त्याच मातीतले. चित्रंही काढायचे. त्यांचं 'माणदेशी माणसं' १९४९ मधलं. धर्मा रामोशी, रामा मैलकुली यांना त्यांनी मायेनं रंगवलं. मी ते पुस्तक आवडीनं वाचलंय. पण व्यक्तिचित्र वेगळं आणि आत्मचित्र वेगळं. व्यक्तिचित्रात काढणाऱ्याची नजर कितीही प्रेमळ असली तरी जागा तोच ठरवतो. रामोशी कुठं उभा राहील, किती वेळ बोलेल, कुठं थांबेल, हे रामोशाच्या हातात नसतं. इंग्रजांनी १८८५ मध्ये सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्यात एकेका जातीची राहणी, खाणं-पिणं, सवयी ओळीनं मांडल्यात, बाजारात जनावराचे दात मोजावेत तसं. माडगूळकरांची माया आणि गॅझेटियरचा कोरडेपणा यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तरी दोन्हीकडं लेखणी दुसऱ्याच्या हातात आहे.

आता साताऱ्याचं. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका पोराचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरात १९१४ या आकड्यापुढं त्या पोराची सही आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मला विचाराल तर आपल्या इतिहासातलं मोठ्यात मोठं आत्मचित्र ते आहे. चेहरा नाही, रंग नाही. फक्त कागद आणि नाव. पारेखाच्या हातातला कागद जसा.

पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, कोटाची गोष्ट घडली. वडील दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुट्टीत त्यांच्याकडं जायला पोरं साताऱ्याहून निघाली. प्रवासासाठी नवे विलायती शर्ट, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कुणी आलं नाही. स्टेशन मास्तरनं पोशाख बघितला आणि बामणाची पोरं समजून चौकशीला आला. भिवानं पटकन सांगून टाकलं, आम्ही महार. मास्तरचा चेहरा उतरला आणि तो मागं सरकला. गाडीवाले बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानानं बाटू नये म्हणून पायी चालायचं, असं ठरलं. रात्री जकात नाक्यावर पाणी मागितलं. तिथं भिवा उर्दूत बोलला, आम्ही मुसलमान आहोत म्हणाला. तरी पाणी मिळालं नाही. रात्र तशीच काढली.

हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये. ते छापून आलं १९९० मध्ये. हे चित्र नीट बघा. यात जरीची टोपी आहे. खरी जात सांगणं आहे. तहानेपोटी दुसरं नाव सांगणंही आहे. तिन्ही मांडलंय. जगातल्या सगळ्यात शिकलेल्या माणसांपैकी एकानं नऊ-दहा वर्षांच्या स्वतःला असं काढलं. रेम्ब्रांटनं सुजलेलं नाक लपवलं नाही, बाबासाहेबांनी तहान लपवली नाही.

आणि म्हणून मोठेपणीचा त्यांचा कोट समजून घ्यावा लागतो. काही शहाणे विचारतात, गरिबांचा पुढारी आणि सुटाबुटात कसा? त्यांना मसूर स्टेशन ठाऊक नाही. त्या पोराला कळलं होतं की कपडा जात झाकतो, पण नाव सांगेपर्यंतच. मोठा झाल्यावर त्यांनी कपडा झाकायला घातला नाही. कोट घालून, छाती पुढं काढून सांगितलं, मी अस्पृश्य आहे, आणि मी हा असा उभा आहे. ज्याला फाटकं घालायचा हुकूम होता, त्यानं कडक इस्त्रीचं घालणं हीच बंडखोरी.

उलटी बाजूही आपल्याच मुलखातली. महात्मा फुल्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. १८८८ मध्ये पुण्यात इंग्लंडच्या राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्यासाठी मेजवानी होती. सगळे शेठ-सावकार हिऱ्यामोत्यांनी मढून आले. जोतीराव शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात गेले आणि सांगितलं की खरी रयत अशी दिसते. जोतीरावांनी कोट काढला, बाबासाहेबांनी कोट घातला. दोघांनी एकच केलं. आपण कसं दिसायचं, हे दुसऱ्याला ठरवू दिलं नाही.

कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० ला फुले आणि आंबेडकरांचे पुतळे बसले, बाबासाहेब हयात असताना. त्यामागं भाई माधवराव बागल होते, आणि ते स्वतः चित्रकार. पुढं गावोगाव पुतळे झाले. निळा कोट, पुढं केलेलं बोट आणि काखेत पुस्तक. म्हणजे परत हातात कागद! आपल्या आडाणी माणसांनी आपल्या नेत्याच्या हातात तलवार दिली नाही, कागद दिला. हे कुठल्या आर्ट स्कुलात शिकून आलं नव्हतं.

आता बायांकडं. पुरुषांनी आत्मचित्रं काढली, बायांनी काय काढलं? फलटणच्या बेबीताई कांबळे. छोटं दुकान चालवायच्या. दुकानात पुड्या बांधायला रद्दीचे कागद यायचे, ते वाचायच्या. लिहायच्या ते घरच्यांपासून लपवून, कित्येक वर्षं. 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातनं आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं. नावात 'माझं' नाही, 'आमुचं' आहे. आरशात एकटी बाई बघायला गेली आणि सगळा महारवाडा दिसला. बाळंतपणात उपाशी मेलेल्या पोरी, सासूचा मार, अंगात आलेल्या बाया. तिनं गावाचा अन्याय लिहिला आणि घरातला नवऱ्याचा, सासूचा अन्यायही लिहिला. यातलं दुसरं आपल्याला वाचवत नाही. पण आत्मचित्र हे असंच असतं. जो दुसऱ्याचाच डाग दाखवतो आणि स्वतःच्या घरचा पुसतो, त्याचा आरसा खोटा. जी लेखणी त्या माउलीला लपवून धरावी लागली, ती कुणापासून लपवावी लागली? बामणांपासून नव्हे, घरच्या आपल्या माणसांपासून. हे आपल्या कार्यकर्त्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं.

आणि रंगाचं काय? आमच्या हातात ब्रश आला की नाही? आला. नागपूरचे सवी सावरकर, १९६१ चा जन्म, पुढं बडोद्याला शिकले. त्यांनी पेशवाईतला अस्पृश्य रंगवला. गळ्यात मडकं, पाठीमागं झाडू. जे चिन्ह आपल्याला लाज वाटावी म्हणून गळ्यात बांधलं होतं, तेच त्यांनी चित्राच्या मधोमध आणलं. बघणाऱ्याला आता मान फिरवता येत नाही. आता लाज बघणाऱ्याची. पारेखानं आपला रंग उजळ केला होता, सावरकरांनी काळ्यावर अजून काळं ओढलं. तीनशे वर्षांत एवढा रस्ता आपण चाललो.

म्हणून मला वाटतं, कोट की मडकं हे भांडणच चुकीचं आहे. नुसता कोट रंगवला तर मसूरच्या मास्तराला फसवता येईल, पण आपल्या म्हाताऱ्यांना विसरावं लागेल. नुसतं मडकं रंगवलं तर ज्यांना आपली फक्त जखमच बघायला आवडते ते येतील, हळहळतील, चहा पिऊन जातील. दोन्ही पाहिजे. आणि दोन्हीच्या मधे, हातात, खरं नाव लिहिलेला कागद पाहिजे.

मित्रांनो, आता आपल्या चौकाकडं बघा. पूर्वी चौदा एप्रिल आला की वस्तीतला एखादा पेंटर पोरगा भिंत घासायचा, चुना मारायचा, रात्रभर कंदिलाच्या नाहीतर बल्बच्या उजेडात बाबासाहेब रंगवायचा. डोळे जमेपर्यंत बिडी पेटवायचा नाही. आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकायचा. तोच आपला बिचित्र. आता फ्लेक्स आले. फ्लेक्सवर चाळीस तोंडं, गॉगल, सोन्याची साखळी, 'भावी' अमुक, 'भावी' तमुक. बाबासाहेब वरच्या कोपऱ्यात तिकिटाएवढे. ज्यानं छापलं त्याचं नाव नाही, ज्यानं शिडीवर चढून बांधलं त्याचं नाही. तोंडं आहेत, पण या तोंडांनी काय काम केलं ते नाही. हे आत्मचित्र नव्हे. ही दुसऱ्याच्या दरबाराची नक्कल आहे, आणि त्या दरबारात आपली जागा केशवदासानं चारशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवलीय. दाराबाहेर, दंडुक्याखाली.

एक काम सुचवतो. येत्या सात नोव्हेंबरला आपापल्या वस्तीत पोरापोरींना कागद आणि कोळसा द्या. बाबासाहेबांचं चित्र काढायला सांगू नका, ते त्यांना येतंच. सांगा, स्वतःला काढा. हातात काय धराल ते तुम्हीच ठरवा. आणि आपल्या आयांना, आज्यांना वही द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं ऐकून, त्यांच्याच शब्दात उतरवून घ्या, सुधारत बसू नका. खाली त्यांचं नाव घाला. अंगठा असेल तर अंगठा.

कुणीतरी आपलं वर्णन लिहून ठेवील म्हणून थांबलो तर परत गॅझेटियरच निघेल.

जय भीम.